निरोगी पोराला भरती होताच पेनिसिलिन का? (घसा, हॉस्टेल आणि हृदयाच्या झडपा)

तळ्याकाठची

आमचा मुलगा यंदा अमेरिकेच्या नौदलात भरती झाला. शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठी ग्रेट लेक्स म्हणून केंद्र आहे. नौदलात भरती झालेल्या नव्या पोरांना तिथेच तयार करतात. फोनवर बोलायला फार वेळ मिळत नाही, तरी त्यातही त्याने सांगितलंच की आल्याआल्या रांगेत उभं करून कमरेत एक जाडजूड इंजेक्शन दिलं. पोरं त्याला 'पीनट बटर' म्हणतात. दिल्यावर तिथे गाठ येते आणि धड बसवत नाही.

चौकशी केली तर ते बेंझाथिन पेनिसिलिन निघालं. घसा दुखत नाही, ताप नाही, तरी सगळ्यांना. ज्यांना पेनिसिलिनची अॅलर्जी आहे त्यांना दुसऱ्या गोळ्या. कारण काय, तर स्ट्रेप्टोकोकस नावाचा घशातला जंतू आणि त्यामागून येणारा ऱ्हुमॅटिक फीव्हर.

माझ्या सख्ख्या आत्याला लहानपणी हेच झालं होतं. सांधे सुजले, ताप आला, बरी झाली, आणि लग्नानंतर कळलं की झडप गेली आहे. त्यामुळे हा आजार आमच्या घरात ऐकून माहीत आहे. पण ती गोष्ट खेड्यातली, साठ वर्षांपूर्वीची. आजच्या अमेरिकन नौदलाला त्याची एवढी धास्ती कशाला? आणि असं सरसकट अँटिबायोटिक देणं योग्य आहे का? जाणकारांनी सांगावं.

मध्यरात्रीचा_चहा

आपल्याकडे भरतीला आधी पळवतात. तिथे आधी पळता येऊ नये अशी व्यवस्था दिसते :) 

वाचतोय. मुलाला शुभेच्छा.

वर्धेकर_डॉ

चांगला धागा. तळ्याकाठची ताई, या आजाराबद्दल जगाला जे कळलं आहे त्यातलं बरंचसं सैन्याच्या छावण्यांमधूनच कळलेलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

'अ' गटाचा स्ट्रेप्टोकोकस घशात बसतो. घसा दुखतो, ताप येतो, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतात, मानेतल्या गाठी दुखतात. चार-पाच दिवसांत पेशंटला आपोआप बरं वाटतं. घोळ त्यानंतर होतो. शरीराने या जंतूविरुद्ध तयार केलेली फौज साधारण दोन-तीन आठवड्यांनी आपल्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. हाच ऱ्हुमॅटिक फीव्हर. आज गुडघा सुजतो, परवा तो उतरून घोटा सुजतो. सांधे पूर्ण बरे होतात, झडपा होतीलच असं नाही. 'हा आजार सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो' हे लासेग या फ्रेंच डॉक्टरचं वाक्य आम्हाला कॉलेजात घोकायला लावायचे.

आता छावणीचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या प्रशिक्षण केंद्रांमध्ये या तापाने हजारो पोरं झोपवली. कारण सरळ आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली अठरा-वीस वर्षांची मुलं, प्रत्येकाच्या घशात आपापल्या गावचे जंतू, आणि सगळी एका हॉलमध्ये हातभर अंतरावर झोपलेली. शिवाय दर आठवड्याला नवी तुकडी येते, म्हणजे जंतूला रोज नवी गिऱ्हाईकं.

१९४९मध्ये वायोमिंगमधल्या फोर्ट वॉरन तळावर चार्ल्स रॅमेलकॅम्प यांच्या नेतृत्वाखाली खास स्ट्रेप्टोकोकससाठी प्रयोगशाळा उघडली. घसा सुजून आलेल्या जवानांपैकी सुमारे आठशे जणांना पेनिसिलिन दिलं, तेवढ्याच जणांना दिलं नाही. न दिलेल्यांत ऱ्हुमॅटिक फीव्हरचे पक्के रुग्ण १७, दिलेल्यांत २. हे १९५०मध्ये छापून आलं. घसादुखीवर वेळेत पेनिसिलिन दिलं तर हृदय वाचतं, हे तिथे सिद्ध झालं. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांपर्यंत औषध सुरू केलं तरी संरक्षण मिळतं, ही माहितीही त्याच कामातली.

रोखठोक

डॉक्टर, माहिती उत्तम, पण ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला बगल दिलीत. आजारी माणसाला औषध द्या, कोण नाही म्हणतंय? निरोगी पोरांना गुरांना टोचल्यासारखं टोचायचं, हे मला पटत नाही. एकीकडे अँटिबायोटिक जपून वापरा म्हणून आम्हाला दटावायचं आणि दुसरीकडे हे. जंतू निर्ढावतील त्याचं काय?

आणि ज्या आठशे जणांना औषध दिलं नाही, त्यांच्या झडपांचा हिशोब कोणी दिला?

वर्धेकर_डॉ

रोखठोक, दोन्ही मुद्दे रास्त आहेत.

निर्ढावण्याची भीती खरी ठरलेली आहे, आणि तीही नौदलातच. महायुद्धाच्या काळात त्यांनी लाखो जवानांना रोज थोडं थोडं सल्फाडायझिन (सल्फा गटातलं जंतू मारणारं औषध) दिलं. सुरुवातीला साथ एकदम खाली आली. मग सल्फाला न जुमानणारे स्ट्रेप्टोकोकस निपजले आणि एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात पोचले. पेनिसिलिनचं मात्र वेगळं झालं. ऐंशी वर्षं वापरूनही पेनिसिलिनला दाद न देणारा 'अ' गटाचा स्ट्रेप्टोकोकस अजून रुग्णांमध्ये सापडलेला नाही. एरिथ्रोमायसिन, अझिथ्रोमायसिनला दाद न देणारे पुष्कळ सापडतात. म्हणूनच अॅलर्जी नसेल तर इथे पेनिसिलिनच वापरायचं.

दुसरा मुद्दा. त्या वेळी घसादुखीवर पेनिसिलिन द्यायची सर्रास पद्धत नव्हती, त्यामुळे तो अभ्यास होऊ शकला. आज कोणतीही समिती तसा अभ्यास होऊ देणार नाही, आणि देऊही नये. त्या १७ जणांचं ऋण सगळ्या जगावर आहे असं मी मानतो.

कोयनाकाठ

मी फौजेत होतो, सुभेदार म्हणून बाहेर पडलो. नंतर काही काळ रंगरूटांच्या ट्रेनिंगवरही होतो. एक गोष्ट सांगतो जी डॉक्टर लोकांना तपासणीच्या टेबलावर दिसत नाही.

रंगरूट घसा दुखतो म्हणून सांगतच नाही. सिक रिपोर्ट केली, एम. आय. रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) गेला, तिथून हॉस्पिटलात भरती झाला की ट्रेनिंगचे दिवस बुडतात. जास्त बुडले तर रेलिगेट, म्हणजे मागच्या तुकडीत ढकलणार. ज्यांच्याबरोबर घाम गाळला ते कसम परेड करून पुढे जाणार आणि हा मागे राहणार. पोराला ते मरणाहून वाईट वाटतं. मग तो गरम पाण्याच्या गुळण्या करतो, शेजारच्याकडून एक गोळी घेतो आणि पहाटे ग्राउंडवर हजर.

माझ्या हाताखालचा एक मुलगा असाच. आठवडाभर आवाज बसलेला, विचारलं तर 'ठीक आहे साहेब'. पुढे काही दिवसांनी गुडघा असा सुजला की बूट घालून उभं राहवेना. सगळे म्हणाले रगडा जास्त झाला, स्प्रेन आहे. मलमपट्टी झाली. तो उतरला आणि दुसऱ्या पायाचा घोटा सुजला, तेव्हा कुठे आमच्या डॉक्टरसाहेबांनी छातीला स्टेथोस्कोप लावला. मुलगा वाचला, पण फौज सुटली.

तेव्हा रोखठोक, जिथे दुखणं लपवण्यातच पोराला फायदा वाटतो, तिथे सांगेल त्यालाच औषध द्यायचं धोरण कसं चालेल? मला ते सरसकट इंजेक्शन बरोबर वाटतं.

खिडकीतली

सुभेदार काका, अंगावर काटा आला. अगदी हेच आमच्या नर्सिंगच्या हॉस्टेलमध्ये. एका खोलीत आठ जणी, खाटेला खाट लागलेली, एक पंखा, आणि डास येतात म्हणून रात्रभर बंद खिडकी. हजेरी कमी पडली की परीक्षेला बसू देणार नाहीत ही धास्ती. एकीचा घसा धरला की महिन्याभरात सगळ्यांचा धरून व्हायचा. आम्ही त्याला 'हॉस्टेलचा घसा' म्हणायचो आणि हसायचो. पेशंटला पेनिसिलिन कसं द्यायचं ते शिकणाऱ्या मुली आम्ही, पण आमचे घसे कोणी पाहिले नाहीत. वॉर्डनबाईंचं ठरलेलं उत्तर: 'आइस्क्रीम बंद करा.'

पन्हाळ्याचा_वारा

हळद-मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध, तुळशीचा काढा. आमच्या घरात चार पिढ्या यावरच बऱ्या झाल्या. उगाच घसा दुखला की हृदयाचं भय घालू नये.

वर्धेकर_डॉ

पन्हाळ्याचा_वारा, गुळण्यांनी आराम पडतो, जरूर कराव्यात. बहुतेक घसादुखी विषाणूंची असते हेही खरं, तिला अँटिबायोटिक लागतच नाही. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर स्ट्रेप्टोकोकसची शक्यता कमी. (काकांच्या मुलाचा आवाज बसला होता, म्हणजे सगळं पुस्तकाप्रमाणेच होतं असंही नाही.) अचानक चढलेला ताप, गिळताना कळ, टॉन्सिलवर पू, जबड्याखालच्या दुखऱ्या गाठी आणि खोकला नाही, असं असेल तर काढ्यावर थांबू नका. विशेषतः पाच ते पंधरा वयाच्या मुलांत आणि जिथे पुष्कळ जण एकत्र झोपतात तिथे.

आणि औषध सुरू झालं की पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनचे दहा दिवस पूर्ण करायचे. तिसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि गोळ्यांची पट्टी कपाटात जाते, तिथेच सगळं फसतं. बेंझाथिनचं एकच इंजेक्शन द्यायचं कारणही तेच. ते स्नायूत बसतं आणि आठवडे हळूहळू झिरपत राहतं, पेशंट विसरला तरी औषध विसरत नाही.

रोखठोक

काकांच्या अनुभवापुढे माझा सूर थोडा खाली घेतो. पण एक विचारतो: हा गरिबीचा आजार ना? अमेरिकेत तो संपला असं वाचलं होतं. मग अजून इंजेक्शन चालू ठेवणं ही जुनी सवय नव्हे का?

सरोवराच्या_पलीकडे

मी मिशिगनमध्ये सार्वजनिक आरोग्याचं काम करते, म्हणून या प्रश्नाला मी उत्तर देते.

संपला असंच त्यांनाही वाटलं होतं. रुग्ण दिसेनात म्हणून काही केंद्रांनी सरसकट इंजेक्शन थांबवलं. १९८६-८७मध्ये सॅन डिएगोच्या नौदल प्रशिक्षण केंद्रात ऱ्हुमॅटिक फीव्हर पुन्हा उगवला, पाठोपाठ मिसुरीतल्या फोर्ट लेनर्ड वुड या लष्करी तळावरही. मग इंजेक्शन परत सुरू केलं.

आणि गरिबीचं म्हणाल तर १९८५च्या सुमारास युटामध्ये सॉल्ट लेक सिटीच्या आसपास मुलांमध्ये साथ आली. त्यातली बरीचशी मुलं चांगल्या खात्यापित्या घरची होती. जंतू पगाराची पावती बघत नाही, किती माणसं किती जागेत झोपतात ते बघतो. गरिबी येते ती तिथे, आणि डॉक्टरपर्यंत पोचण्यात.

इंजेक्शन म्हणजे कवचकुंडलं नव्हेत, हेही सांगते. २००२च्या शेवटी सॅन डिएगोलाच मरीन कोअरच्या नव्या जवानांमध्ये याच जंतूच्या न्यूमोनियाची साथ आली, त्यात एकाचा जीव गेला. सगळ्यांना पुन्हा औषध द्यावं लागलं.

अवांतर: १९६८मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत कॅडेटांचे घसे शेकड्याने धरले. ती साथ जेवणातून आली होती. तेव्हा मेसमध्ये वाढणाऱ्याचा घसा दुखतोय का हेही बघायला हवं.

मध्यरात्रीचा_चहा

आमच्या मेसची भाजी जंतूंनाही सोसली नसती, ही जमेची बाजू.

बाकी 'किती माणसं किती जागेत' याला +१.

जांभूळपाडा

आश्रमशाळेत शिक्षक आहे, पालघर जिल्ह्यात. वाचून झोप उडाली. आमची मुलं हॉलमध्ये सतरंज्यांवर ओळीने झोपतात. थंडीत तर एका गोधडीत दोघं. रात्री टॉर्च घेऊन फेरी मारली की कोणाचं डोकं कोणाच्या खांद्यावर आहे ते कळत नाही. घसा, खोकला, खरूज, सगळं एकत्रच फिरतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्यांच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयविकार आहे, छाती तपासतात. गेल्या वेळी सातवीच्या एका मुलीच्या छातीत आवाज ऐकू आला म्हणून पुढे पाठवली. टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) झाला, हृदयाच्या डाव्या बाजूची माइट्रल झडप गळते. आता दर एकवीस दिवसांनी तिला इंजेक्शन. ती अभ्यासात हुशार आहे आणि इंजेक्शनच्या दिवशी सकाळपासून गप्प असते. मी तिच्या वहीच्या मागच्या पानावर तारखा लिहून दिल्या आहेत, ती स्वतः खूण करते. सुट्टीत पाड्यावर गेली की मला घोर लागतो. तिथून आरोग्य केंद्र लांब, आणि तिथे औषध असेलच असं नाही.

डॉक्टरसाहेब, हे इंजेक्शन किती वर्षं? आणि बाकीच्या मुलांना अमेरिकेसारखं सरसकट द्यायचं का?

औषधाचं_दुकान

गुरुजी, बाकीचं डॉक्टर सांगतील, मी दुकानाच्या बाजूने लिहितो.

हे इंजेक्शन स्वस्त आहे आणि तीच त्याची अडचण आहे. फार कोणाला बनवावंसं वाटत नाही, मधूनमधून तुटवडा पडतो. तुमच्या मुलीसाठी पुढची कुपी आधीच आणून ठेवायला सांगा, तारखेच्या दिवशी शोधाशोध नको. दुसरं, पुष्कळ ठिकाणी द्यायलाच तयार नसतात. पेनिसिलिन म्हटलं की रिअॅक्शनची भीती. पेशंट चिठ्ठी आणि औषध हातात घेऊन तीन दवाखाने फिरतो. खरी गंभीर रिअॅक्शन विरळा असते, पण अॅड्रेनालिन (रिअॅक्शन आली तर द्यायचं औषध) हाताशी असलेल्या ठिकाणीच घ्यावं हेही तितकंच खरं.

पूड पाण्यात कालवली की दुधासारखं घट्ट होतं. बारीक सुईत अडकतं, मग सिस्टर पुन्हा टोचते आणि मूल घाबरतं. जाड सुई, नीट हलवलेलं औषध आणि सावकाश दाब, एवढं केलं तरी त्रास पुष्कळ कमी होतो. ठरलेल्या सिस्टरकडेच नेलं तर उत्तम.

वर्धेकर_डॉ

गुरुजी, तुमची वहीची युक्ती माझ्या ओपीडीत वापरणार आहे.

किती वर्षं हे झडपेवर ठरतं. हृदयाला काही झालं नसेल तर निदान पाच वर्षं किंवा अठरा वर्षांपर्यंत, जे जास्त असेल ते. झडप कायमची बिघडली असेल तर चाळिशीपर्यंत, काहींना जन्मभर. तुमच्या मुलीचं तिच्या हृदयरोगतज्ज्ञांनी ठरवायचं. झडप फार खराब असलेल्या, हृदय थकलेल्या रुग्णांना इंजेक्शनऐवजी रोजच्या गोळ्या द्याव्यात असा सल्ला अलीकडे दिला जातो, म्हणूनही तज्ज्ञाकडे पाठपुरावा हवा.

सरसकट द्यायचं का? माझं मत: आश्रमशाळेत नाही. छावणीत पोरं ठरावीक आठवडे असतात, तेवढा काळ एक-दोन इंजेक्शनांनी निभावतो. तुमची मुलं वर्षानुवर्षं तिथे आहेत. तिथे घसा वेळेत ओळखणं आणि झोपायची जागा सुधारणं हाच मार्ग आहे.

दोन_मुलांची_आई

मधेच विचारते. माझ्या मुलाचे पाय दुखतात म्हणून एएसओ (स्ट्रेप्टोकोकससाठीची रक्ततपासणी) केला, तो ४०० आला. आमचे डॉक्टर म्हणतात पाच वर्षं इंजेक्शन घ्या. ताप नाही, सूज नाही. खूप घाबरले आहे.

वर्धेकर_डॉ

ताई, इथून निदान करणार नाही. पण एएसओ वाढला याचा अर्थ एवढाच की मागे कधीतरी स्ट्रेप्टोकोकस येऊन गेला. आपल्याकडच्या शाळकरी मुलांत तो पुष्कळदा वाढलेलाच असतो. नुसत्या एएसओवर ऱ्हुमॅटिक फीव्हरचं निदान होत नाही. त्यासाठी डॉ. जोन्स यांनी घालून दिलेले निकष आहेत, १९४४पासूनचे, २०१५मध्ये त्यात एकोचीही भर पडली. एको करून बालहृदयरोगतज्ज्ञांचं मत घ्या आणि मगच इंजेक्शनचं ठरवा.

मला या गोष्टीचा संताप येतो. ज्या मुलीची झडप गळते तिला इंजेक्शन मिळत नाही, आणि ज्यांना नको त्यांना कागदावरच्या आकड्यासाठी वर्षानुवर्षं टोचत राहतात.

आजोळची_वाट

मला सातव्या महिन्यात कळलं. जिना चढताना दम लागायचा, सगळे म्हणायचे पोटुशीला लागतोच. एका रात्री आडवं होता येईना, तेव्हा नेलं. माइट्रल झडप अरुंद झालेली. लहानपणी काही झाल्याचं ना मला आठवतं ना आईला. मी पाचवीपासून वसतिगृहात होते, घसा दुखलाही असेल, कोण लक्षात ठेवणार?

मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप रुंद केली. मुलगी आज शाळेत जाते. पुढे माझी झडप बदलावी लागली, सरकारी योजनेत झालं. भारतात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेली झडप आहे, १९९०पासून माणसांना बसवतात, बाहेरच्यांपेक्षा स्वस्त. मला तीच बसली. शांत खोलीत तिची टिकटिक माझ्या मुलीलाही ऐकू येते, ती म्हणते आईला घड्याळ लागत नाही.

लग्नाच्या आणि बाळंतपणाच्या आधी मुलींची छाती एकदा तरी कोणी ऐकावी, एवढं मनापासून वाटतं.

तळ्याकाठची

आजोळची_वाट, तुमचं वाचून आत्याची फार आठवण झाली. तिलाही असाच दम लागायचा आणि तिलाही सगळे तेच म्हणायचे. तिच्यापर्यंत फुगा पोचला नाही.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मुलाला लिहिते की बसायला त्रास झाला तरी चालेल, आणि घसा दुखला तर लपवायचा नाही. सुभेदार काकांचा प्रतिसादच जसाच्या तसा उतरवून पाठवते.

त्याने एक सांगितलं होतं, तेव्हा मला विचित्र वाटलं: झोपताना एकाचं डोकं इकडे तर शेजारच्याचे पाय इकडे. त्याचाही संबंध यालाच का?

सरोवराच्या_पलीकडे

हो, यालाच. फोर्ट वॉरनच्या लोकांनी हेही तपासलं. जंतू असलेल्या जवानाच्या खाटेपासून जितकी खाट जवळ, तितकी लागण जास्त. पुढे त्यांनी आजाऱ्यांनी वापरलेली घोंगडी निरोगी पोरांना पांघरायला दिली, त्याने लागण वाढली नाही. वाळलेल्या धुळीतला, कापडातला जंतू फारसा काही करत नाही. जवळून बोलताना, खोकताना, श्वासातून येणारा ताजा जंतू लागतो. गुरुजी, म्हणजे गोधड्या उकळण्यापेक्षा (खरुजेसाठी उकळाच!) तोंडं लांब करणं जास्त कामाचं.

जांभूळपाडा

जागा वाढवणं माझ्या हातात नाही, पण डोकं-पाय उलटसुलट आजपासून करता येईल. खिडक्यांना डासांची जाळी लावायची मागणी लिहून देतो, म्हणजे रात्री उघड्या ठेवता येतील.

एक शंका आहे. एका मुलाचा घसा धरला तर त्याला किती दिवस वेगळं झोपवायचं? आमच्याकडे आजारी खोली म्हणून एकच खोली आहे.

वर्धेकर_डॉ

पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन सुरू केल्यावर साधारण चोवीस तासांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका बराच कमी होतो. तेव्हा औषध सुरू झाल्यापासून एक पूर्ण दिवस-रात्र वेगळं ठेवा, मग वर्गात येऊ द्या, गोळ्या मात्र दहा दिवस तुमच्यासमोर. आणि त्याच्या दोन्ही बाजूंना झोपणाऱ्या मुलांना त्याच संध्याकाळी घसा दुखतो का विचारा.

कोयनाकाठ

गुरुजी, विचारताना सगळ्यांसमोर विचारू नका. एकेकाला बाजूला घ्या. आणि सुरुवातीलाच सांगा की हो म्हटलं तर खेळ बंद होणार नाही. नाहीतर सगळे 'ठीक आहे सर' म्हणतील.